रुळांवर पाणी, हातात तिकीट
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पावसाळ्यात गाड्या कोलमडल्या की प्रवाशाला दोनच गोष्टी हव्या असतात: सुखरूप घरी पोहोचणं आणि वाया गेलेल्या तिकिटाचे पैसे. आमच्याकडे आलेली बहुतेक पत्रं याच दोन गोष्टींविषयी आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. रेल्वेचे बरेचसे नियम प्रवाशाच्या बाजूचे आहेत, पण जवळपास प्रत्येक नियमाला मुदत आहे आणि पैसे बुडतात ते बहुतेक वेळा मुदत टळल्यामुळे. म्हणून उत्तरांत तासांचे आणि दिवसांचे आकडे वारंवार येतील. ते नीट लक्षात ठेवा.

पाऊस थांबून तास-दोन तास होतात, तरी शीव-कुर्ल्याच्या पट्ट्यात लोकल खोळंबलेल्या असतात. रुळांवर पाणीही फार दिसत नाही. नेमकं अडतं काय?
– एक वाचक, डोंबिवली

बहुतेक वेळा आधी सिग्नल अडतो, गाडी नंतर. दोन रुळांमधून अगदी कमी दाबाची वीज सोडलेली असते. गाडी आली की तिच्या चाकांमुळे ते सर्किट जोडलं जातं आणि मागचा सिग्नल लाल होतो. खडीत चिखलाचं पाणी भरलं की वीज त्या पाण्यातून एका रुळावरून दुसऱ्या रुळाकडे झिरपते. यंत्रणेला वाटतं, रुळांवर गाडी उभी आहे. शंका आली की लाल, अशीच तिची रचना आहे आणि ती योग्यच आहे. स्वयंचलित सिग्नल लाल असेल तर मोटरमनने दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबायचं आणि मग ताशी १५ किलोमीटरच्या आत, समोर नीट दिसत नसेल तर १० च्या आत, पुढे जायचं असा नियम आहे. एरवी तीन-चार मिनिटांच्या अंतराने गाड्या धावतात त्या मार्गावर असे चार-पाच सिग्नल लागोपाठ लाल झाले की मागे रांग लागते. कोरड्या भागातली गाडीसुद्धा मग अडकते.

दुसरी अडचण पॉइंटची, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागेची. तिथली सरकती पट्टी मुख्य रुळाला पूर्ण चिकटली, तरच सिग्नल मिळतो. मध्ये ५ मिलिमीटर जाडीची वस्तू अडकली, तरी यंत्रणेने 'पॉइंट लागला नाही' असंच दाखवलं पाहिजे; तपासणीतही हेच पाहतात. नाल्यातून वाहत आलेली प्लास्टिकची पिशवी, नारळाची करवंटी किंवा खडीचा एक तुकडा त्याला पुरतो. पॉइंट हलवणारी मोटर रुळालगत, जमिनीच्या पातळीवरच असते. ती बुडाली की पाणी ओसरल्यावर कर्मचाऱ्यांनी जाऊन तपासल्याशिवाय तो पॉइंट वापरता येत नाही.

आणि तिसरं, गाडी स्वतः. लोकलच्या मोटर कोचच्या ट्रॅक्शन मोटर चाकांजवळ, खालच्या बाजूला असतात. रुळाच्या माथ्यावर पाणी आलं की वेग एकदम उतरवतात, साधारण चार इंचांच्या पुढे गेलं की वाहतूक थांबवतात. पाणी उतरल्यावरही खडी वाहून गेली नाही ना, हे गँगमनने चालत जाऊन पाहावं लागतं. तोवर रेक, म्हणजे लोकलचे जोडलेले डबे, भलत्याच ठिकाणी अडकलेले असतात आणि मोटरमन-गार्डच्या ड्यूटीचे तास संपत आलेले असतात. त्यामुळे मार्ग मोकळा झाल्यानंतरही वेळापत्रक सावरायला अर्धा दिवस जातो. १९ ऑगस्ट २०२५ रोजी सीएसएमटी ते ठाणे मुख्य मार्ग सुमारे आठ तास बंद होता, हार्बर त्याहून जास्त.

शीव-कुर्लाच का, तर तो भाग सखल आहे आणि तिथले नाले मिठी नदीला मिळतात. मिठी तुडुंब असताना भरती आली की नाल्याचं पाणी पुढे जात नाही. पंप लावले तरी ते पाणी भरलेल्या नाल्यातच टाकतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथली उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी उपसणारी केंद्रं, उभी राहिली. त्याचा त्या-त्या भागाला फायदा झाला, मिठीकाठचा प्रश्न मात्र राहिला. रुळांखालच्या मोऱ्या रेल्वेकडे आणि पुढचा नाला महापालिकेकडे, अशी विभागणी आहे. पाणी तुंबलं की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. यावर प्रवासी संघटनांनी काय करावं, ते शेवटी येईल.

दोन स्टेशनांच्या मध्ये लोकल दीड तास उभी होती. काही लोक उतरून चालत गेले. उतरावं की बसून राहावं?
– एक वाचक, बदलापूर

बसून राहा. रेल्वेचे कर्मचारी किंवा आरपीएफचे (रेल्वे सुरक्षा दलाचे) जवान उतरायला सांगतील, शिडी लावतील, तेव्हाच उतरा.

पाण्याखाली रुळालगतची उघडी गटारं, केबलचे खड्डे, मोऱ्यांची तोंडं यांतलं काहीच दिसत नाही. जुलै २०२३ मध्ये ठाकुर्ली-कल्याणच्या दरम्यान थांबलेल्या लोकलमधून उतरून चाललेल्या कुटुंबाचं तान्हं बाळ हातातून निसटून नाल्यात पडलं. आपली गाडी उभी असली तरी बाजूच्या रुळावरून गाडी येऊ शकते आणि धो-धो पावसात तिचा आवाज ऐकू येत नाही. वर २५ हजार व्होल्टची ओव्हरहेड वायर असते. तिच्यापासून किमान २ मीटर अंतर राखावं लागतं, आणि उघडलेली छत्री उंच धरून फूटओव्हर ब्रिजच्या कडेने किंवा डब्याच्या पायरीवरून जाणं म्हणजे ते अंतर कमी करणं. वायर तुटून खाली पडलेली दिसली तर जवळ जाऊच नका. ती पडलेल्या पाण्यातही पाय घालू नका.

कायद्याची बाजूही पाहा. परवानगीशिवाय रुळांवर जाणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड. अडकलेल्या प्रवाशांवर सहसा कोणी गुन्हा नोंदवत नाही. पण गाडीतून पडून इजा झाली तर भरपाईचा दावा करता येतो, आणि स्वतः उतरून रुळांवर चालताना दुसऱ्या गाडीने उडवलं तर तो दावा टिकवणं फार कठीण जातं.

२७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजारावर प्रवासी होते. डबे सोडू नका, अशा सूचना सतत दिल्या गेल्या, एनडीआरएफच्या बोटी आल्या आणि सगळे सुखरूप बाहेर आले. डबा वजनदार असतो, त्याची जमीन उंचावर असते. पुरात त्यातच सुरक्षित असता.

अडकल्यावर १३९ वर फोन करा. सुरक्षा, वैद्यकीय मदत आणि तक्रार यांसाठी आता हाच एक क्रमांक आहे. गाडी कुठे आहे हे सांगताना खिडकीतून दिसणाऱ्या ओव्हरहेडच्या खांबावरचा आकडा वाचा. त्यात वरचा आकडा किलोमीटरचा आणि खालचा खांबाचा असतो. 'कुर्ल्याच्या अलीकडे कुठेतरी' यापेक्षा खांबाचा आकडा सांगितला तर नियंत्रण कक्षाला जागा ताबडतोब कळते.

दरड कोसळल्यामुळे आमची गाडी चार तास उशिरा होती. आम्ही गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी टीडीआर (परताव्यासाठीचा अर्ज) भरला तर फेटाळला. असं का?
– एक वाचक, कणकवली

दुसऱ्या दिवशी भरला म्हणून. तुमच्या चढण्याच्या स्टेशनावर गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर कोणतीही कपात न होता पूर्ण भाडं परत मिळतं. तिकीट कन्फर्म असो, आरएसी असो की वेटिंग. पण ई-तिकिटाचा टीडीआर ती गाडी तुमच्या स्टेशनातून प्रत्यक्ष सुटण्याच्या आधी भरावा लागतो. खिडकीवर काढलेलं तिकीट असेल तर तेही गाडी सुटण्याआधीच खिडकीवर द्यावं लागतं. तेव्हा गाडी गेली की हा हक्क संपतो.

आणखी चार ठिकाणी लोक फसतात. पहिलं म्हणजे घाबरून 'कॅन्सल' दाबतात. ते दाबलं की नेहमीची रद्द शुल्क कपात होते. उशिरासाठी 'फाइल टीडीआर'च निवडायचं आणि कारणांच्या यादीतलं 'गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा, प्रवास केला नाही' हेच घ्यायचं. दुसरं, गाडी मुळात जिथून सुटते तिथला उशीर लोक मोजतात. मुंबईहून गाडी साडेतीन तास उशिरा सुटली, पण वाटेत वेळ भरून काढत कणकवलीला पावणेतीन तास उशिरा आली, तर नियम लागू होत नाही. तिसरं, एकाच पीएनआरवरचे चारपैकी एकजण जातो आणि बाकीचे याच कारणाखाली पूर्ण परतावा मागतात. चौथं तत्काळवाल्यांसाठी: चढण्याचं स्टेशन बदलून घेतलं असेल तर रेल्वे उशीर तिकिटावरच्या आधीच्या चढण्याच्या स्टेशनावर मोजते, बदललेल्या नव्हे.

रेल्वेच्या एनटीईएस या ऑनलाइन सेवेवर गाडीची स्थिती दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. त्यात फोनची तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. निर्णय त्या विभागाची रेल्वे घेते, आयआरसीटीसी फक्त अर्ज पुढे पाठवते. त्यामुळे पैसे यायला दोन महिने किंवा जास्तही लागतात. आयआरसीटीसीचं सुविधा शुल्क मात्र परत मिळत नाही.

गाडी पूर्ण रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात, टीडीआरची गरज नाही. खिडकीचं तिकीट असेल तर ते सुटण्याचा दिवस वगळून तीन दिवसांच्या आत कोणत्याही आरक्षण खिडकीवर द्या. पूर ओसरेपर्यंत घरात ठेवून नंतर जाऊ, असं करू नका.

आमची गाडी कोकण रेल्वेऐवजी पुणे-मिरजमार्गे नेली. आमचं स्टेशन लागलंच नाही. दुसऱ्या वेळी गाडी रत्नागिरीतच संपवली. पैसे किती मिळायला हवे होते?
– एक वाचक, सावंतवाडी

कोकण रेल्वे रोहा ते वीर एवढाच भाग सोडला तर एकेरी आहे. एका बोगद्यात पाणी शिरलं किंवा एका कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेत, दरड आली की दोन्ही दिशा बंद. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत कोसळली तेव्हा गाड्या पनवेल-पुणे-मिरज-लोंढामार्गे मडगावला नेल्या. जुलै २०२४ मध्ये आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि चार-पाच दिवसांतच खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली. हे पुन्हा होणार, म्हणून नियम माहीत असावेत.

गाडी वळवली आणि तुम्ही गेला नाहीत, किंवा वळवलेल्या मार्गावर तुमचं चढण्याचं वा उतरण्याचं स्टेशनच नाही, तर पूर्ण भाडं परत मिळतं. टीडीआरची मुदत तुमच्या स्टेशनावरून गाडी सुटण्याच्या ठरलेल्या वेळेपासून ७२ तास. वळवलेल्या मार्गाने गेलात तर जास्त अंतराचे जादा पैसे कोणी मागू शकत नाही.

वाटेतच गाडी संपवली, तर बघायचं एवढंच की रेल्वेने पुढे नेण्याची सोय केली का. पूर, दरड किंवा अपघातामुळे गाडी अर्ध्यावर संपली आणि रेल्वेला पुढे नेता आलं नाही, तर पूर्ण प्रवासाचं भाडं परत मिळतं, केलेल्या प्रवासाचंसुद्धा. बस किंवा दुसरी गाडी दिली आणि तुम्ही नाकारली, तर फक्त राहिलेल्या टप्प्याचं. त्यामुळे 'सोय नव्हती' हे सिद्ध करणारा कागद महत्त्वाचा ठरतो. स्टेशन मास्तर किंवा टीसीकडून तिकिटाच्या मागे किंवा वेगळ्या कागदावर दोन ओळी लिहून सही-शिक्का घ्या: गाडी कुठे संपली, किती वाजता, पुढची सोय झाली की नाही. गर्दीत हे कठीण असतं. निदान स्टेशनवरच्या सूचनेचा फोटो काढा आणि त्याच वेळी रेल्वेच्या रेलमदत या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. तिचा क्रमांक आणि वेळ हाही पुरावाच. ई-तिकिटाची मुदत इथे उतरण्याच्या स्टेशनावर पोहोचण्याच्या ठरलेल्या वेळेपासून ७२ तास आहे.

खिडकीवरचं तिकीट असून तिथे पैसे दिले नाहीत, तर कागदी टीडीआर, म्हणजे तिकीट जमा केल्याची पावती मागून घ्या आणि ती जोडून दहा दिवसांत त्या झोनच्या परतावा विभागाकडे अर्ज करा.

नागपूरहून मुंबईला येऊन पुढे कोकणातली गाडी पकडायची होती. पहिली उशिरा आली, दुसरी चुकली.
– एक वाचक, वर्धा

१ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर जोडता येतात. दुसरं तिकीट काढताना पहिल्याचा पीएनआर टाकायचा. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची नावं, वय, लिंग तंतोतंत सारखं हवं, आणि पहिल्या गाडीचं उतरण्याचं स्टेशन हेच दुसरीचं चढण्याचं हवं. जोडलेलं असेल तर चुकलेल्या गाडीचं भाडं कपात न करता मिळतं. खिडकीचं तिकीट असल्यास पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांत परत करा. जोडलं नसेल तर काही मिळत नाही. पावसाळ्यात चार-पाच तासांचं अंतर ठेवा आणि तरी जोडा.

दर वर्षी जूनमध्ये कोकणकन्या, मांडवी यांच्या वेळा बदलतात. इतकी वर्षं झाली, अजून गाड्या हळू का?
– एक वाचक, चिपळूण

त्यामागे दोन अपघात आहेत. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईकडे येणारी सुट्टीची विशेष गाडी दरडीवर आदळली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस पुलावरून कोसळली. दोन्ही अपघात पावसाळ्याच्या पहिल्याच आठवड्यांतले, आणि ते योगायोगाने नव्हे. उन्हाळ्यात तापून भेगाळलेल्या जांभ्या मातीत पहिलं पाणी शिरतं तेव्हा दगड सुटतात. त्यानंतर कटिंगचे उतार कमी केले, दगड अडवणाऱ्या जाळ्या बसवल्या, गस्त वाढवली आणि वेग कमी केले. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी ४० किलोमीटर ही मर्यादा आहे.

कटिंगमध्ये दिवसरात्र माणसं फिरतात. हे काम यंत्राने पूर्ण होत नाही. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली, मडगाव, कारवार, भटकळ आणि उडुपी इथे पाऊस आपोआप मोजला जातो. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा आहे. पानवलचा उंच पूल, मांडवी, जुवारी आणि शरावती इथे वाऱ्याचा वेग मोजतात. हळू चालणारी गाडी हा या मार्गावर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे. तक्रार करायचीच तर ती दुहेरीकरण रखडल्याची करावी, पावसाळी वेगाची नको.

पावसाळी वेळापत्रक पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असे. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. तुमची गाडी मध्यरात्रीच्या आसपास येत असेल तर जपा. २३:५० ची वेळ ००:२० झाली की तिकिटाची तारीख बदलते आणि लोक एक दिवस चुकवतात. प्रवासाच्या आदल्या दिवशी १३९ वर किंवा एनटीईएसवर वेळ आणि तारीख दोन्ही पडताळा.

गाडी पाण्यात थांबली तेव्हा तासन्‌तास एसी बंद होता.
– एक वाचक, पुणे

टीसीकडून एसी बंद असल्याचा दाखला, कोणत्या स्टेशनापासून कुठपर्यंत या उल्लेखासह, गाडीतच घ्या. थ्री टियर आणि टू टियरमध्ये तेवढ्या अंतराचा एसी व स्लीपर भाड्यातला फरक मिळतो. टीडीआर गाडी पोहोचल्यापासून २० तासांत, आणि मूळ दाखला पोस्टाने आयआरसीटीसीला.

नुसत्या उशिराबद्दल भरपाई मिळते का? माझी मुलाखत हुकली.
– एक वाचक, नाशिक

रेल्वेच्या नियमांत उशिराबद्दल भरपाई नाही. मुंबई-अहमदाबाद तेजसमध्ये आयआरसीटीसी एका तासापेक्षा जास्त उशिराला १०० आणि दोन तासांपेक्षा जास्त उशिराला २५० रुपये देत असे. ते २०२४ मध्ये बंद झालं. ही चांगली प्रथा होती, आणि संघटनांनी ती सगळ्या महागड्या गाड्यांसाठी मागायला हवी.

ग्राहक आयोगाचा रस्ता खुला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जम्मूला चार तास उशिरा पोहोचलेल्या गाडीमुळे विमान चुकलेल्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला: उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला, हे रेल्वेने पुराव्यानिशी दाखवलं पाहिजे, नाहीतर भरपाई द्यावी लागेल. वादळ-पूर हे अर्थातच हाताबाहेरचं कारण. पण सकाळी तुंबलेलं पाणी दुपारी ओसरलं आणि तुमची गाडी रात्री रेक नाही म्हणून अडली, तर 'पाऊस' हे उत्तर पुरेसं नाही. म्हणून तारीखवार नोंद ठेवा. जिल्हा आयोगात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, दोन वर्षांत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला, म्हणजे तुम्ही सेवेसाठी दिलेल्या रकमेला, शुल्क नाही. एक भेद मात्र पाळा. भाडं परत मिळण्याचा वाद रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जातो (आपल्याकडे मुंबई आणि नागपूर इथे पीठं आहेत), सेवेतल्या त्रुटीचा ग्राहक आयोगाकडे. दोन्ही एकत्र करून भलत्या ठिकाणी गेल्याने अनेक प्रकरणं वर्षभराने परत येतात.

पावसात तीन लोकल रद्द झाल्या. चौथीच्या गर्दीत दारातून पडून भावाचा पाय मोडला. दावा करता येईल?
– एक वाचक, विरार

करता येईल. गाडीतून अपघाताने पडणं हे कायद्याने भरपाईयोग्य आहे, त्यासाठी रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. आत्महत्या, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेलं कृत्य, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, जाणूनबुजून करून घेतलेली इजा आणि आजारपण एवढेच अपवाद. चढता-उतरताना पडणं हे जाणूनबुजून करून घेतलेली इजा ठरत नाही, आणि नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी पास जपून ठेवा. स्टेशन मास्तरांचा मेमो, लोहमार्ग पोलिसांची नोंद आणि रुग्णालयात पहिल्या तासात लिहिलेला कागद, ज्यावर 'लोकलमधून पडून' असं कारण आहे, हे तीन हाती असू द्या. त्या कागदावर 'रूळ ओलांडताना' असं चुकून लिहिलं गेलं तर लगेच दुरुस्त करून घ्या. पुढे सगळा दावा त्या दोन शब्दांवर अडतो. मुदत एक वर्ष. मृत्यू झाल्यास रक्कम ८ लाख रुपये, इजेची रक्कम तिच्या प्रकारानुसार ठरलेली आहे.

लोकल बंद राहिलेल्या दिवसांचे पासचे पैसे?
– एक वाचक, पनवेल

मिळत नाहीत. चालू पासचा अंशतः परतावा नियमात नाही. पण टाळेबंदीत वाया गेलेले दिवस २०२० मध्ये पासाला वाढवून दिले होते, म्हणजे व्यवस्था आहे. अमुक तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहिली तर पास एक दिवस वाढवा, ही मागणी लेखी करण्यासारखी आहे.

आमचा प्रवासी संघ दर वर्षी निवेदन देतो, फोटो काढतो आणि काही होत नाही. काय चुकतं?
– प्रवासी संघाचे एक कार्यकर्ते, कल्याण

निवेदन जूनमध्ये दिलं जातं आणि त्यात 'लोकल वेळेवर चालवा' असं असतं. त्याला 'नोंद घेतली' याशिवाय उत्तर नाही. मोऱ्या आणि नाले साफ करण्याची कामं मे अखेरपर्यंतची असतात. विचारायचं ते जानेवारीत आणि नेमकं.

माहिती अधिकाराचा अर्ज मंडळ रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याला करा. शुल्क १० रुपये, ऑनलाइनही होतो, उत्तर ३० दिवसांत. नाही आलं तर पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. रेल्वे केंद्राची असल्याने दुसरं अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं, राज्य आयोगाकडे नव्हे. मत विचारू नका, कागद मागा. उदाहरणार्थ: 'गेल्या पावसाळ्यात अमुक ते अमुक किलोमीटरमध्ये रुळांवर पाणी आल्याने वाहतूक थांबल्याच्या प्रत्येक घटनेची तारीख, सुरू व बंद वेळ आणि जागा. त्या भागातल्या प्रत्येक मोरीचा क्रमांक, मापं, ती शेवटची साफ केल्याची तारीख आणि काढलेल्या गाळाचं मोजमाप. बसवलेल्या पंपांची संख्या, क्षमता आणि त्या दिवशी किती वेळ चालले याची नोंदवही. महापालिकेबरोबर झालेल्या संयुक्त पाहणीची टिपणं.' हाच अर्ज पुढच्या नाल्याबद्दल महापालिकेलाही करा. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की मोरी साफ झाली पण नाला तुंबलेला राहिला, की उलट झालं, हे कळतं. मग दोघांना एकमेकांकडे बोट दाखवता येत नाही.

ही उत्तरं घेऊन मंडळ आणि क्षेत्रीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीच्या सदस्यांकडे जा. मंडळ समितीचे सचिव साधारणपणे वरिष्ठ मंडळ वाणिज्य व्यवस्थापक असतात. बैठकीआधी सदस्यांकडून विषय लेखी मागवतात आणि त्यावर लेखी उत्तर देतात, म्हणून तोंडी चर्चेपेक्षा विषयपत्रिकेत दोन ओळी आलेल्या बऱ्या. खासदारांना भेटताना लोकसभेच्या अतारांकित प्रश्नाचा तयार मसुदा द्या. मंत्रालयाचं लेखी उत्तर सभागृहाच्या नोंदीत राहतं.

काही मागण्यांना पैसाही फारसा लागत नाही, आणि आमच्या मते त्यांचाच आग्रह आधी धरावा. पुढचा मार्ग बंद आहे हे कळल्यावर मागच्या गाड्या दोन स्टेशनांच्या मध्ये न सोडता फलाटावरच रोखून धरा. अडकलेल्या गाडीत दर पंधरा मिनिटांनी मराठीत उद्घोषणा करा, नवी माहिती नसेल तरीही. भरतीच्या आणि मुसळधार पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी ठाणे, कुर्ला, दादरला बेस्ट आणि एसटीच्या जादा बस आधीच उभ्या ठेवा. गाडी दोन तासांपेक्षा जास्त थांबली तर पाणी आणि महिलांच्या डब्यात आरपीएफ. पहिली मागणी एकटी मान्य झाली, तरी रुळांवर उतरून चालणारे लोक खूप कमी होतील.

तक्रारींची संख्याही मोजली जाते. प्रत्येक सभासदाने अडकलेल्या वेळीच रेलमदतवर गाडी क्रमांक, खांबाचा आकडा, वेळ आणि एकच मुद्दा टाकावा. दहा मुद्द्यांची लांब तक्रार एकाच विभागाकडे जाते आणि तिथेच बंद होते. समाधान न होता बंद केली तर केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर तोच क्रमांक देऊन पुन्हा मांडा. तिथे २१ दिवसांत निकाली काढण्याचं बंधन आहे आणि अपीलही करता येतं. वर्षाच्या शेवटी हे सगळे क्रमांक एका तक्त्यात उतरवून जानेवारीच्या अर्जाला जोडा.